आंतरराष्ट्रीय टेंडर टाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या अंकात मी जागतिक बँक, एडीबी म्हणजे आशियाई विकास बँक, आणि जायका म्हणजे जपान सरकारची कर्ज देणारी संस्था, यांच्या कर्जावर चालणाऱ्या कामांमधल्या खरेदीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. लिहिलं होतं की प्रत्येक गोष्टीला जगभर टेंडर काढावं लागत नाही, दुसरे मार्ग नियमातच दिलेले आहेत. त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीत. मी स्वतः मुंबईत सव्वीस वर्षं खरेदीच्या टेबलावर बसलेय, त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि टेबलावरचं जास्त सांगेन.

प्रश्न : ताई, मी सहा महिन्यांपूर्वी जागतिक बँकेच्या कर्जाच्या एका प्रकल्पात खरेदी विभागात लागलो. सगळे सिनियर म्हणतात आयसीबीत अडकू नको, वर्ष जातं, दुसरी मेथड लाव. पण दुसरी म्हणजे कोणती, आणि ती मी ठरवायची कशी?
— एक तरुण इंजिनिअर, घाटकोपर

उत्तर : आधी तो 'लाव' शब्द डोक्यातून काढ बाबा. मेथड ऐनवेळी लावायची नसते, ती प्रोक्युरमेंट प्लॅनमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या खरेदी योजनेत, आधी लिहिलेली असते, बँकेने मान्य केलेली असते, आणि किती रकमेपर्यंत कुठली पद्धत चालेल ते प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं असतं, म्हणून शेजारच्या प्रकल्पातल्या मित्राला फोन करून मर्यादा विचारू नकोस, आपल्या प्लॅनची प्रिंट काढ आणि टेबलाच्या काचेखाली ठेव.

आयसीबी म्हणजे जगातल्या कुठल्याही पात्र कंपनीला भाग घेता येईल असं खुलं टेंडर. बँकेच्या जुन्या नियमात त्याला निदान सहा आठवडे द्यायचे असायचे. बोगदा खोदायचं मशीन, सिग्नल यंत्रणा, वीजघरातली मोठी उपकरणं, अशा गोष्टी बनवणारे जगात मोजकेच आणि विखुरलेले असतात, तिथे हेच योग्य. पण शाळेचे चारशे बाक घ्यायला जर्मनीहून कोण येणारे? तिथे सहा आठवडे थांबणं म्हणजे मुलांना अजून एक सत्र जमिनीवर बसवणं. म्हणून मी नव्या माणसाला एकच गोष्ट विचारायला सांगते, या वस्तूचा बाजार कुठे आहे? नागदेवी स्ट्रीटला आहे, महाराष्ट्रात आहे, देशात आहे की जगात चारच कारखान्यांत आहे? याचं उत्तर खरं खरं लिहिलंस की मेथड बहुतेक वेळा आपोआप समोर येते.

बाजार देशात असेल तर राष्ट्रीय टेंडर, ज्याला आपण अजून एनसीबी म्हणतो. इथेच आपली माणसं सगळ्यात जास्त ठेचकाळतात, कारण त्यांना वाटतं हे तर आपलंच नेहमीचं टेंडर. तसं नाहीये. आपल्याकडे लिफाफे उघडले की एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याला, केबिनमध्ये बोलवायचं, चहा द्यायचा आणि 'अजून दोन टक्के सोडा' म्हणायचं ही सवय. बँकेच्या पैशात त्यांच्या आगाऊ संमतीशिवाय ती चालत नाही, अगदी एल-वनशीसुद्धा भावाची घासाघीस नाही. इस्टिमेटपेक्षा अमुक टक्के वर किंवा खाली गेला म्हणून टेंडर फेकून द्यायचं, तेही नाही. दर पटले नाहीत म्हणून परत टेंडर काढायचं तर आधी बँकेला विचारायचं. आणि परदेशी कंपनीला यायचं असेल तर तिला दारातून परत पाठवता येत नाही, जाहिरात देशातच दिली इतकंच. हे सगळं कर्जाच्या करारातच लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. चौकशी होते तेव्हा सगळे वाचायला लागतात.

बाजारात मोजकेच पुरवठादार असतील तर त्या सगळ्यांना थेट पत्र पाठवून मर्यादित टेंडर. वस्तू साधी, दुकानात तयार मिळणारी, रक्कम लहान, तर निदान तीन कोटेशन घेऊन खरेदी, याला जुन्या भाषेत शॉपिंग म्हणायचे. अशा लहान खरेदीला ठरलेल्या मर्यादेत आपलं जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार, तेही चालतं. आणि कधी कधी काम बाहेर द्यायचंच नसतं, खात्याने आपल्याच माणसांकडून डिपार्टमेंटली करायचं असतं. हे लोकांना चुकवाचुकवी वाटते पण ती मान्य पद्धत आहे, फोर्स अकाउंट म्हणतात. रविवारच्या मेगाब्लॉकला चालू रुळांमध्ये चार तासांत काय काय निघेल आणि काय काय बदलावं लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि ब्लॉक रद्द झाला तर बाहेरचा ठेकेदार रिकाम्या बसलेल्या मजुरांचे पैसे मागणारच, अशा कामाचं बीओक्यू, म्हणजे कुठलं काम किती याचा तक्ता, करणार कसं? तिथे रेल्वेची स्वतःची गँगच बरी. मोजमाप आधी सांगता येत नाही, काम चालू सेवेत अडथळा न आणता करायचंय, किंवा लहान लहान कामं लांब लांब पसरलीयत आणि कोणी वाजवी दरात येणार नाही, अशा कारणांनाच ते मान्य आहे. ठेकेदारांचा कंटाळा आला हे कारण नाही.

नावांचा घोळ होईल म्हणून सांगते, जागतिक बँकेने 1 जुलै 2016 पासून नवी पद्धत आणली, त्यात आयसीबी, एनसीबी हे शब्द गेले. आता खुली की मर्यादित, कोटेशन की थेट निवड, आणि बाजार आंतरराष्ट्रीय की राष्ट्रीय, असं बोलतात. आणि प्रकल्पाच्या सुरुवातीलाच खरेदीची रणनीती लिहावी लागते, त्यात बाजाराचा अभ्यास करावाच लागतो. मला हा बदल मनापासून आवडला. आधी आम्ही रकमेचा तक्ता बघायचो आणि मेथड ठरवायचो, बाजाराकडे बघायचंच राहून जायचं.

एक शेवटचं. मोठी खरेदी मर्यादेखाली बसवायला तिचे तुकडे पाडू नकोस, कितीही प्रेशर आलं तरी. लहान ठेकेदारांना येता यावं म्हणून कामाचे लॉट करणं वेगळं, ते उघड प्लॅनमध्ये लिहून करायचं, आणि तपासणारे कशासाठी तुकडे पाडलेत ते लगेच ओळखतात, एकाच आठवड्यात एकाच वस्तूच्या सहा फाइली असल्या की अजून काय पुरावा हवा.

प्रश्न : आमचं लोहार चाळीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. एका प्रकल्पाच्या ऑफिसातून माणूस येतो, म्हणतो तुमचं कोटेशन द्या आणि सोबत दोन सपोर्टिंग कोटेशन पण आणून द्या, ऑर्डर तुम्हालाच. बाजूचे दुकानदार एकमेकांना लेटरहेड देतातच. यात चूक आहे का? पैसे परदेशी कर्जाचे आहेत म्हणे.
— एक दुकानदार, लोहार चाळ

उत्तर : हो दादा, चूक आहे, आणि पैसे परदेशी कर्जाचे नसते तरी चूकच असती.

तीन कोटेशनची पद्धत ठेवली ती तुमच्यासारख्या दुकानांसाठीच. तुम्हाला अनामत भरायला लागू नये, शंभर पानांचे कागद लागू नयेत, वस्तू शेल्फवर आहे तर भाव सांगा आणि द्या. त्याबदल्यात एकच गोष्ट मागितली जाते, की तीन वेगळ्या माणसांनी आपापला भाव आपापल्या डोक्याने दिलेला असावा. सपोर्टिंग कोटेशन आणलं की बाजारच खोटा झाला, कागदावर तीन दुकानं आणि प्रत्यक्षात एकच. बँकेच्या भाषेत ही संगनमताची पद्धत आहे, आणि त्यात ऑफिसचा माणूसच नाही, लेटरहेड देणारा शेजारीही अडकतो. शेजारधर्म म्हणून दिलेला तो कागद. अशा गैरप्रकारात जागतिक बँक एखाद्या फर्मला कामं घ्यायला बंदी घालू शकते, आणि एप्रिल 2010 मध्ये जागतिक बँक, एडीबी, आफ्रिकेची, युरोपची आणि अमेरिका खंडातली अशा पाच विकास बँकांनी करार केलाय, त्यामुळे एकीकडची बंदी ठरावीक अटींत दुसरीकडेही लागू होते.

हे मी लांबून सांगत नाहीये. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा फोर्टमधल्या एका ऑफिसात होते, नाव नको. चाळीस यूपीएस घ्यायचे होते, तीन कोटेशन आली, मी तुलनात्मक तक्ता केला, सगळ्यात कमीला खूण केली, सही केली. फॅक्सचे दिवस होते. दीड वर्षाने बँकेकडून तपासणीला एक बाई आल्या, आधीच झालेल्या खरेदीच्या फाइली बघायला. त्यांनी ती तीन कागदं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि काही न बोलता वरच्या कडेवर बोट ठेवलं. फॅक्सच्या कागदावर वर एक बारीक ओळ छापून यायची, कुठल्या नंबरवरून आणि किती वाजता. तिन्हींवर नंबर एकच होता. वेळ 4.12, 4.14 आणि 4.17. आणि तिन्हींमध्ये बॅटरी बॅकअपचं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं होतं. मी ती कागदं पंचवीस वेळा हातात घेतली असतील. त्या खरेदीचे पैसे कर्जातून मंजूर झाले नाहीत, सरकारी तिजोरीतून भरावे लागले, म्हणजे तुमच्या माझ्या खिशातून. त्या रात्री लोकलमध्ये मला रडू आवरत नव्हतं. मी पैसे घेतले नव्हते, पण बघायचं काम माझं होतं आणि मी बघितलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही असं करा. त्या माणसाला सांगा, माझं कोटेशन देतो, बाकी दोन तुम्ही मागवा. मागणीचं पत्र किंवा मेल ऑफिसच्या नावाने मागा, त्यात वस्तूचं वर्णन, किती नग, कुठे पोचवायचं आणि शेवटची तारीख हवी. दर देताना जीएसटी आणि वाहतूक धरून की वेगळी ते लिहा, निम्मे वाद तिथेच होतात. उद्यम या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत आणि जेमवर नाव नोंदवून घ्या, म्हणजे कोणाच्या मेहेरबानीने कोटेशन मागवलं जायची वाट बघावी लागणार नाही. ही ऑर्डर कदाचित जाईल, मला कळतंय धंद्यात ते सोपं नसतं. पण वडिलांचं नाव असलेलं लेटरहेड आहे ते.

प्रश्न : रोज लोकलने येतो. सीमेन्स लोकल, बम्बार्डियर लोकल अशी नावं ऐकत आलो. आपल्याकडे रेल्वेचे कारखाने असताना बाहेरच्या कंपन्या का? आणि जपानचं कर्ज घेतलं की जपानी कंपनीच येणार हे खरं का?
— एक प्रवासी, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही रोज ज्या डब्यात उभे असता त्यातच आहे. जागतिक बँकेच्या कर्जाचा एमयूटीपी, म्हणजे मुंबई शहरी वाहतूक प्रकल्प, 2002 मध्ये मंजूर झाला, त्यातून 2007 पासून सीमेन्सच्या गाड्या आल्या आणि पुढच्या टप्प्यात 2015 मध्ये बम्बार्डियरच्या. पण बाहेरच्या कंपनीची होती ती विजेची यंत्रणा. डबे बांधले चेन्नईच्या आपल्या रेल्वे कारखान्यात, आयसीएफमध्ये. त्यावेळी मुंबईची लाइन 1500 व्होल्ट डीसीवरून 25 हजार व्होल्ट एसीवर जायची होती, ते टप्प्याटप्प्याने होणार होतं, म्हणजे गाडी मधली वर्षं दोन्ही विजांवर धावायला हवी, आणि अशी यंत्रणा बनवणारे जगातच थोडे. जे जगात शोधायला हवं होतं ते जगात शोधलं, जे घरात होतं ते घरात केलं. एका गाडीत दोन पद्धती, मला हे उदाहरण शिकवायला फार आवडतं.

आणि आंतरराष्ट्रीय टेंडर म्हणजे परदेशी कंपनीच जिंकते असंही नाही. मेट्रो 2ए आणि 7 वर ज्या गाड्या धावतात त्या एडीबीच्या कर्जाच्या प्रकल्पातल्या, एकूण 378 डबे, आणि ते काम मिळालं बंगळुरूच्या बीईएमएलला, आपल्या सरकारी कंपनीला. जागतिक बँकेच्या जुन्या नियमात तर वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय टेंडरला देशी मालाला 15 टक्क्यांपर्यंत झुकतं माप देता यायचं.

जपानचं म्हणाल तर अर्धं खरं. जायकाची सगळी कर्जं तशी नसतात, पण स्टेप नावाचा एक प्रकार आहे, त्यात मुख्य ठेकेदार जपानी लागतो आणि निदान 30 टक्के माल-सेवा जपानच्या लागतात, बदल्यात व्याज कमी आणि फेड कितीतरी वर्षांची. मालगाड्यांचा पश्चिम कॉरिडॉर, दादरीहून आपल्या जेएनपीटीपर्यंतचा, अशा कर्जातला. पूर्वेकडच्या कॉरिडॉरच्या एका मोठ्या भागाला जागतिक बँकेचं कर्ज होतं, तिथे ही अट नाही. माझं मत विचाराल तर स्वस्त व्याज बघून लगेच हुरळू नये. स्पर्धा एकाच देशाच्या चार कंपन्यांपुरती आकसली की टेंडरचे आकडे वर जातात, आणि व्याजात वाचलेले पैसे त्या आकड्यात गेले का हा हिशेब सही करण्याआधी मांडायला हवा.

प्रश्न : परळच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब सांभाळते. मशीन प्रकल्पाच्या पैशातून आलं, आता त्याचे रिएजंट, म्हणजे तपासणीला लागणारी रसायनं, फक्त त्याच कंपनीचे चालतात. ऑडिटवाले म्हणतात टेंडर का नाही काढलं. काय सांगू?
— एक लॅब टेक्निशियन

उत्तर : थेट खरेदी चालते, पण कारण कागदावर हवं. आधीच्या यंत्राशी जुळणारी आणि एकाच ठिकाणी मिळणारी वस्तू हे मान्य कारण आहे, तसंच खरीखुरी आणीबाणी, किंवा चालू कंत्राटात त्याच दराने थोडी वाढ. कंपनीचं पत्र घ्या की दुसरं रिएजंट चालत नाही, बायोमेडिकल इंजिनिअरची सही घ्या, आणि तोच माल दुसऱ्या दोन हॉस्पिटलांना कुठल्या दराने गेलाय त्याची बिलं मागवून फाइलला लावा. स्पर्धा नाही तिथे भाव वाजवी आहे हे दाखवायची जबाबदारी आपली.

खरी चूक मात्र आधी झाली, मशीन घेतानाच. टेंडरमध्ये फक्त मशीनची किंमत बघितली, पाच-सात वर्षांचे रिएजंट त्यात धरले नाहीत, मग कंपनी मशीन पाण्याच्या भावात देते आणि बाटलीमागे वसूल करते. पुढच्या वेळी टेस्टमागे खर्च किती हेच टेंडरमध्ये मागा.

प्रश्न : मानखुर्दच्या वस्तीत आमचा बचत गट आहे. शौचालयाचं काम येणार म्हणतात, बाहेरच्या कर्जाच्या पैशातून. ते काम वस्तीलाच मिळू शकतं का? ठेकेदार येतो, बांधतो आणि जातो, कडी सहा महिन्यांत तुटते.
— बचत गटाच्या अध्यक्षा

उत्तर : ताई, मिळू शकतं, आणि याची सुरुवात झालेल्या शहरांत आपली मुंबई आहे. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जाचा मलनिस्सारण प्रकल्प आला, त्यात महापालिकेने वस्ती स्वच्छता कार्यक्रम घेतला. नुसत्या ठेकेदाराला काम न देता संस्था आणि ठेकेदार मिळून पुढे आले, वस्तीने आधी समिती केली, माणशी 100 रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त 500, असे जमा केले, मग बांधकाम, आणि नंतर देखभाल समितीकडे. तीनशेहून जास्त शौचालयं उभी राहिली. गावांकडे जलस्वराज्य प्रकल्पात तर पाणीपुरवठा समितीने स्वतः पाइप घेतले, मिस्त्री लावला, बँकेत खातं ठेवलं, आणि गावातच महिला विकास समिती आणि सामाजिक लेखापरीक्षण समिती होती हिशेब बघायला.

याला लोकसहभागातून खरेदी म्हणतात आणि नियमात ती पद्धत आहे. कारणही साधंय, अशा कामाचा बाजार वस्तीतच असतो. वाळूची गाडी कुठून येते, कुठला मिस्त्री लादी सरळ बसवतो, हे तुम्हाला ठाऊक असतं, मंत्रालयातल्या माणसाला नाही. पण सगळंच वस्तीने करायचा हट्ट नको. पाया, टाकी, मलवाहिनीची जोडणी हे इंजिनिअरच्या डिझाइनने आणि अनुभवी ठेकेदाराकडूनच, तिथे चूक झाली तर जीव जातो. दरवाजे, कड्या, नळ, लादी, रंग, पाण्याची टाकी, केअरटेकर, हे तुम्ही घेऊ शकता.

आत्तापासून काय करायचं तर गटाची नोंदणी आणि पासबुक अद्ययावत ठेवा. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारा की या प्रकल्पाच्या खरेदी योजनेत लोकसहभागाची पद्धत आहे का, नसेल तर ती टाका अशी मागणी करा. काम निघायच्या आधी मागा, वर्क ऑर्डर निघाली की कोणी ऐकत नाही. काम मिळालं तर खरेदीला दोघी जणी जा, कधीच एकटी नको, तीन दुकानांचे भाव वहीत त्याच दिवशी लिहा, आणि काय कितीला घेतलं तो फळा शौचालयाच्या दारावर लावा. मी एका वस्तीत असा फळा बघितलाय, खडूने लिहिलेला, 'कडी 24 नग, दर 85'. खाली कोणीतरी दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कुर्ल्याला 70 ला मिळते'. पुढच्या खरेदीला त्या बायका कुर्ल्याला गेल्या.

आणि महापालिकेशी करार करताना लाइट आणि पाण्याचं बिल कुठल्या दराने येणार, घरगुती की व्यापारी, ते सहीच्या आधी लिहून घ्या. बांधकाम झाल्यावर समित्या मोडतात त्या बहुतेक वेळा त्या बिलापायी. कराराचा मसुदा हातात आला की मला त्याची प्रत पाठवा, मी वाचून देईन.